मीडियम फॉरमॅटच्या लेन्सवर फिल्टर आणि कॅप पक्के कसे बसवायचे

राजमाचीला श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या तटावर उभा होतो, गळ्यात यशिका मॅट १२४ जी हा मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, रोलमधल्या बारापैकी शेवटचे तीन फोटो उरलेले, आणि पायाशी टण्ण असा आवाज आला. पिवळा फिल्टर लेन्सवरनं सुटून दगडावर एकदा आपटला आणि उडी मारून दरीत गेला. सकाळी गावात चहा पिता पिता लावला होता, जरा फिरवला, अडल्यासारखा वाटला, म्हटलं झालं. झालं नव्हतं, बायोनेटचे, म्हणजे कान खाचेत घालून जरासं फिरवून बसवायच्या पकडीचे, कान अर्धेच आत गेले होते आणि तीन तासांच्या चालीत गळ्यातल्या हिंदकळण्यानं तो हळूहळू उलटा फिरत आला. त्यानंतर मामिया आरबी ६७ कॅमेऱ्यावर बरोब्बर उलटी चूक केली, पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, पडू नये म्हणून असा आवळला की काढायला दोन दिवस लागले.

या दोन्ही गोष्टींवरनं जे शिकलो ते आधीच सांगतो. फिल्टर बसवणं वेगळं आणि आवळणं वेगळं. नीट बसलेला फिल्टर दोन बोटांच्या जोरावर राहतो, आणि नीट न बसलेला कितीही आवळा, तो एकतर पडणार किंवा अडकणार.

आधी आपल्या लेन्सचं तोंड ओळखा

३५ मिमी किंवा डिजिटलवरनं येणाऱ्यांना सवय असते की सगळ्या लेन्सला आटेच असतात, लेन्सवरचा आकडा बघायचा आणि फिल्टर मागवायचा. मीडियम फॉरमॅटमध्ये तसं नाही, इथं दोन वेगळी घराणी आहेत, आट्यांचं आणि बायोनेटचं.

आटे असतील तर लेन्सच्या पुढच्या कड्यावर आडवी रेघ मारलेलं गोल चिन्ह आणि त्यापुढं आकडा असतो, ते फिल्टरचं माप. लेन्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ८० मिमी किंवा ९० मिमी म्हणजे फोकल लेंग्थ, तिचा फिल्टरशी काही संबंध नाही. हे अगदी बाळबोध वाटेल पण ८० मिमीची लेन्स म्हणून ८० मिमीचा फिल्टर शोधत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. मामिया आरबी ६७ ची ९० मिमी, १२७ मिमी, १८० मिमी या नेहमीच्या लेन्सना ७७ मिमीचा फिल्टर लागतो. मामिया सी ३३० च्या ८० मिमीला ४६. मामिया ६४५ च्या ८० मिमी एफ २.८ ला ५८, पण तिचीच बहीण ८० मिमी एफ १.९ ला ६७. पेंटॅक्स ६७ च्या १०५ मिमी एफ २.४ ला ६७. मामिया ७ च्या ८० मिमीला ५८. आताच्या डिजिटलमध्ये फुजी जीएफ ६३ मिमीला ६२ आणि जीएफ ११० मिमीला ७७. एकाच कंपनीच्या दोन लेन्सचं माप सारखंच असेल असं धरून चालू नका, कड्यावर वाचूनच घ्या.

बायोनेटवाल्यांची मापं बे १, बे २, बी ५० अशा नावांनी चालतात. यशिका मॅट १२४ जी, मिनोल्टा ऑटोकॉर्ड, बहुतेक रोलायकॉर्ड आणि एफ ३.५ च्या टेसर लेन्सवाल्या बहुतेक रोलायफ्लेक्सना बे १. एफ ३.५ च्या प्लॅनार लेन्सवाल्या रोलायफ्लेक्सना, म्हणजे ३.५ एफ वगैरे, बे २. आणि बहुतेक २.८ वाल्यांना बे ३. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत जुन्या सी लेन्स, म्हणजे ८० मिमी, १५० मिमी, २५० मिमी, या बी ५० आणि १९८२ पासून आलेल्या सीएफ लेन्स बहुतेक बी ६०. वाइड लेन्सची गोष्ट बऱ्याचदा वेगळी निघते म्हणून त्या हातात घेऊन बघितल्याशिवाय फिल्टर घेऊ नका. बे १ चा फिल्टर बे २ वर जाणार नाही, बी ५० चा बी ६० वर जाणार नाही, आणि जोर लावून तर अजिबातच नाही, लेन्सच्या कड्याचा पत्रा वाकला की मग कुठलाच फिल्टर जात नाही.

आटेवाला फिल्टर लावताना

लेन्स टेबलावर ठेवा, तोंड वर करून. कॅमेऱ्यावर असेल तर कॅमेरा पाठीवर झोपवा. फिल्टर आपल्या वजनानं आट्यांवर सपाट बसला पाहिजे, समोर तोंड करून धरलेल्या लेन्सवर लावला की तो तिरका धरला जातो आणि तिथंच घोळ होतो.

आता फिल्टर वर टेकवा आणि आधी उलटा फिरवा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेला. अगदी हलकेच. अर्ध्या पाऊण फेऱ्यात कुठंतरी एक बारीक टिक जाणवते, फिल्टर केसभर खाली उतरतो. ती टिक म्हणजे फिल्टरच्या आट्याचं टोक लेन्सच्या आट्याच्या टोकासमोर आलं. आता तिथंच थांबून सुलटा फिरवायला लागा. पहिला अख्खा फेरा लोण्यासारखा गेला पाहिजे. जरा जरी खरखर लागली, अडलं, किंवा एका बाजूला फट जास्त दिसली तर लगेच मागं या, पुन्हा टिक शोधा. आणखी थोडं फिरवलं की सरळ होईल असं वाटतं, होत नाही, आटे एकमेकांना कापायला लागतात. हे आटे ०.७५ मिमीच्या अंतरावर असतात, म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा थोडे जास्त, आणि ॲल्युमिनियम मऊ असतं, एक चुकीचा फेरा पुरतो.

शेवटी फिल्टर टेकला की बोटांना कळतं, फिरणं एकदम थांबतं. तिथं सोडा. अंगठा आणि पहिलं बोट, बस्स, मनगट वापरायचं नाही. मी तर टेकल्यावर केसभर मागं घेतो, उन्हात धातू तापून पसरतो आणि मग रात्री तोच फिल्टर निघत नाही, त्यापेक्षा हे बरं.

पोलरायझर असेल तर पकड फक्त मागच्या कड्याची घ्या. पुढचं कडं गरगर फिरतं, ते धरून फिल्टर लावायला गेलं की आत गेला की नाही काहीच कळत नाही. आणि लावल्यावर शूट करताना पुढचं कडंही लावायच्याच दिशेनं फिरवायची सवय ठेवा, सुलटं, म्हणजे उलट्या फिरवण्यानं मागचे आटे हळूहळू ढिले होत नाहीत. माझे दोन मित्र असेच पोलरायझर घालवून बसले.

फिल्टर घेताना पितळी कड्याचा मिळाला तर चार पैसे जास्त द्या. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम चिकटतं, पितळ फारसं चिकटत नाही, आणि मीडियम फॉरमॅटची मोठी तोंडं बघता हा फरक लगेच जाणवतो.

बायोनेटवाला फिल्टर लावताना

इथं आटे नाहीत म्हणून सोपं वाटतं आणि म्हणूनच राजमाचीसारखं होतं. यशिका, रोलाय, हॅसलब्लाड तिघांच्याही लेन्सच्या तोंडाला दोन बायोनेट असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. आतला फिल्टरचा, बाहेरचा हूडचा, म्हणजे तिरकं ऊन अडवणाऱ्या पुढच्या कड्याचा. म्हणून क्रमही ठरलेला, आधी फिल्टर मग हूड, हूड लावून झाल्यावर आत बोटं घालून फिल्टर बसवायला जाऊ नका, काचेवर बोटांचे ठसे उमटतात आणि फिल्टर अर्धाच राहतो.

फिल्टर सपाट धरून लेन्सवर ठेवा आणि न फिरवता आधी दाबून बघा. कान खाचांसमोर नसतील तर तो वरच्यावर डुगडुगेल. हलकेच इकडं तिकडं सरकवत गेलं की एका जागी तो खाली उतरतो, पूर्ण, चारी बाजूंनी सारखा. हे उतरणं महत्त्वाचं. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी माझ्या हातातनं यशिका घेतली आणि म्हणाले, "फिरवायची घाई कशाला करतोस, आधी बसू दे त्याला, मग फिरव." त्यांनी फिल्टरवर फक्त तर्जनी आणि मधलं बोट टेकवलं होतं, खाली उतरला तेव्हा बोटांची टोकं लेन्सच्या कड्याला सारखी लागली, मग जरासं फिरवलं आणि तो घट्ट झाला. मी इतकी वर्षं उतरण्याआधीच फिरवत होतो.

फिरवल्यावर अडेपर्यंत न्या, मग अंगठ्यानं उलट्या दिशेला अगदी हलका धक्का द्या. लगेच सरकला तर बसलेला नाही. बऱ्याच फिल्टरच्या कानांना बारीक चीर असते, ते कान स्प्रिंगसारखे दाबले जातात आणि त्यावरच सगळी पकड असते. पन्नास साठ वर्षांच्या फिल्टरचे कान दबून चपटे झालेले असतात, मग तो नीट बसूनही ढिला राहतो. घरी पक्कड लावू नका, कान पटकन तुटतो. चांगल्या दुरुस्तीवाल्याला दोन मिनिटांचं काम आहे. तोवर हूड लावून ठेवा, फिल्टर सुटला तरी बहुतेक वेळा हूडमध्ये अडकतो.

बायोनेटचे जुने फिल्टर महाग पडतात म्हणून ॲडॉप्टर वापरणारे बरेच आहेत, मीही वापरतो. बी ६० वरनं ६७ मिमीचं कडं हॅसलब्लाडवाल्यांना सोयीचं, पुढं बाजारातला कुठलाही ६७ चा फिल्टर चालतो. फक्त एक करा, फिल्टर आधी ॲडॉप्टरवर हातात धरून लावा आणि मग ती जोडी लेन्सवर बसवा. लेन्सवर बसलेल्या ॲडॉप्टरमध्ये फिल्टर फिरवलात तर सगळा जोर बायोनेटच्या त्या इवल्याशा कानांवर येतो.

वेगवेगळ्या मापाच्या लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या मापाचे फिल्टर घ्या आणि लहान लेन्सना स्टेप अप रिंग, म्हणजे लहान मापावर मोठा फिल्टर बसवायचं कडं, लावा. ५८, ६२, ६७ सगळं ७७ वर आणता येतं. उलटं, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर, वाइडवर कोपरे काळे करतं. पण दोन लेन्सच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे वरची लेन्स बघायला आणि खालची फोटोला, मोठी रिंग लावायच्या आधी समोर धरून बघा, खालच्या लेन्सवरची मोठी रिंग वरच्या लेन्सच्या तोंडावर येते आणि बघायच्या काचेत खालचा भाग कापलेला दिसतो.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्याची खास काळजी

यशिका, रोलाय, मामिया सी, यात फोटो खालच्या लेन्समधनं निघतो. फिल्टर खालच्या लेन्सवर. वरच्या लेन्सवर लाल फिल्टर लावून आकाश नाट्यमय दिसतंय म्हणून खूष होणाऱ्या माणसाच्या निगेटिव्हवर त्या फिल्टरचा काहीही परिणाम येणार नाही.

पोलरायझरसाठी आधी तो वरच्या लेन्सवर लावा, फिरवून हवा तो परिणाम बघा, वरच्या कड्याला कुठली खूण आली ते लक्षात ठेवा, मग काढून खालच्या लेन्सवर लावा आणि तीच खूण पुन्हा वर आणा. खूण नसेल तर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका स्वतः द्या. रोलायनार, म्हणजे जवळून फोटो काढायची भिंगांची जोडी, वापरत असाल तर जोडीतलं साधं भिंग खाली आणि जाड वर, जाडावरचा लाल ठिपका बरोब्बर वरच्या बाजूला, तो सरकला तर काचेत दिसतं एक आणि फिल्मवर येतं दुसरं.

एक्स्पोजरचंही इथंच सांगतो. १२४ जी चा प्रकाश मोजणारा मीटर लेन्समधनं बघत नाही त्यामुळं फिल्टर लावलेला त्याला कळत नाही. पिवळ्याला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, जास्त द्यायचा, लाल २५ नंबरला तीन स्टॉप, पोलरायझरला दीड ते दोन. सोपी युक्ती म्हणजे ४०० ची फिल्म आणि पिवळा फिल्टर असेल तर मीटरवर २०० लावायचं. फिल्टर काढला की पुन्हा ४००, हे दोन हात एकत्रच चालले पाहिजेत.

कॅप

कॅपकडं सगळे दुर्लक्ष करतात आणि रोल वाया जातात ते कॅपमुळंच. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात किंवा मामिया ७, फुजी जीडब्ल्यू ६९० सारख्या रेंजफाइंडरमध्ये आपण बघतो एका काचेतनं आणि फोटो निघतो दुसरीतनं. खालच्या लेन्सवर कॅप राहिली तरी वर सगळं स्वच्छ दिसतं. माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याचा अख्खा रोल असा गेला, बारा कोऱ्या फ्रेम, आणि ते क्षण परत येणार नव्हते. तेव्हापासून माझा नियम, दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला दोन्ही लेन्स एकत्र झाकणारी जोडकॅपच, कारण ती लावलेली असली की काचेत अंधार दिसतो आणि कॅमेराच आपल्याला आठवण करतो. सुट्या कॅप वापरायच्याच असतील तर एकटी खालची कधी लावू नका, लावली तर दोन्ही.

हॅसलब्लाड ५०० सी/एम मध्ये वेगळंच. फोटो काढल्यावर आरसा वरच राहतो, पुढची फ्रेम ओढेपर्यंत, म्हणजे हँडल फिरवून फिल्म पुढं नेईपर्यंत, काच काळी. नवा माणूस कॅप राहिली म्हणून लेन्स चाचपत बसतो, आणि उलट कधी कॅप खरंच असते पण आरसा वर असेल म्हणून तो हँडल फिरवतो. मी फोटो काढला की लगेच ओढतो, मग काळं दिसलं म्हणजे कॅपच.

आटेवाल्या लेन्सला चिमटीत दाबायची कॅप घ्या, आणि तीही मधोमध दाबायची, कडेला दाबायची नको. हूड लावलेला असताना कडेची बटणं बोटांना मिळत नाहीत. कॅप लावताना एक बाजू आधी टेकवून दुसरी ढकलू नका, दोन्ही बटणं पूर्ण दाबा, सपाट ठेवा, मग सोडा. टक् असा आवाज दोन्हीकडनं यायला हवा. मग करा ही परीक्षा, कॅमेरा गादीवर तोंड खाली करून दोन तीनदा हलवा. गादीवर पडली तर बरं, घाटात पडण्यापेक्षा. आणि फिल्टर लावून कॅप लावणार असाल तर ही परीक्षा फिल्टरसकट पुन्हा करा, कारण पातळ कड्याच्या पोलरायझरला पुढं आटे नसतातच कधी कधी, मग चिमट्याची कॅप धरायला काही मिळत नाही. त्यांना वरनं बसणारी कॅप घ्या. वरनं बसणाऱ्या जुन्या कॅप ढिल्या होतात, आतून मखमली टेपची एक पट्टी चिकटवली की पुन्हा घट्ट बसतात, टेपचे धागे मात्र आधी झटकून टाका.

कॅपला दोरी बांधणारे आहेत. चालताना छान, पण ट्रायपॉडवर वाऱ्यात ती फडफडते, लांब एक्स्पोजरमध्ये कॅमेरा हलवते आणि दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्ससमोर येऊन लोंबते. मी दोरी वापरत नाही, कॅप नेहमी पँटच्या उजव्या खिशात, दुसरीकडं कुठंच नाही.

मागची कॅपही तितकीच महत्त्वाची. हॅसलब्लाड, आरबी यांच्या लेन्समध्येच शटर असतो, मागची काच आणि ती शटर ओढायची यंत्रणा उघडी ठेवून बॅगेत टाकू नका. हॅसलब्लाडची लेन्स काढण्याआधी कॅमेरा ओढलेला असू द्या, आणि मागं कॅप लावताना मधल्या खाचेला धक्का लागत नाही ना ते बघा.

अडकलेला फिल्टर

जोर वाढवू नका, पकड बदला. आपण दोन बोटांनी चिमटा काढतो तेव्हा गोल कडं लांबट होतं आणि आटे आणखी अडकतात. जोर चारी बाजूंनी सारखा पाहिजे. घरातली नवी रबरी स्लिपर घ्या, तळवा स्वच्छ धुवून कोरडा करा, लेन्स तोंड खाली करून फिल्टरचं कडं रबरावर सपाट टेकवा, काच बाहेर फुगलेली नाही ना ते आधी बघा, आणि हलका दाब देऊन लेन्स फिरवा. लोणच्याच्या बरणीचं झाकण रबरानं उघडतो तसंच आहे हे. माझा आरबीवरचा पोलरायझर शेवटी असाच निघाला. नाहीतर कडेनं रुंद रबर बँड दोनदा गुंडाळून सैल हातानं फिरवा, किंवा प्लॅस्टिकचे फिल्टर रेंच मिळतात ते वापरा, दोन येतात पण लेन्सच्या बाजूला हातच बरा.

तेल, स्प्रे काहीही घालू नका. हे तेल आट्यांतनं आत सरकतं, आणि यातल्या बऱ्याच लेन्समध्ये आत शटरची पाती असतात, त्यांना तेल लागलं की शटर चिकटतो आणि खर्च फिल्टरच्या दहापट. फ्रीजमध्येही ठेवू नका, आपल्या हवेत बाहेर काढल्या काढल्या काचेवर पाणी धरतं. फिल्टरबरोबर लेन्सचं पुढचं, नाव लिहिलेलं कडं फिरताना दिसलं तर तिथंच थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडं जा. कडा ठेचलेली असेल तरी त्याच्याकडंच जा, त्यांच्याकडं ती आतून हळूहळू सरळ करायचं यंत्र असतं.

पुन्हा अडकू नये म्हणून आटे मऊ टूथब्रशनं साफ करा, लेन्सचं तोंड खाली धरून. कोकणात समुद्रावर शूट केलं असेल तर त्याच संध्याकाळी फिल्टर काढून कडं ओलसर कपड्यानं आणि मग कोरड्यानं पुसा, खारानं ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि तीच पुढं डिंकासारखं काम करते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत फिल्टर लेन्सवर लावून ठेवू नका, आतली ओल बाहेर जायला वाट राहत नाही आणि बुरशी तिथंच धरते. लेन्स आणि फिल्टर वेगळे, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, आणि जुनी चामड्याची केस डब्याच्या बाहेर.

जुनी लेन्स विकत घेताना मी खिशात त्या मापाचा एक चांगला फिल्टर घेऊन जातो. दुकानदारासमोर लेन्स टेबलावर ठेवतो, टिक शोधतो आणि एक फेरा फिरवतो. कुठं अडलं तर नख कडेवरनं फिरवून ठेच कुठं आहे ते बघतो आणि मग किमतीचं बोलतो.